कितव्या पावलापर्यंत ऐकू येतं

लोकांना वाटतं हॉकीतली गोलकीपर हातापायानं खेळते. पॅड, बुटांवरचे जाड किकर, हेल्मेट, छातीचं कवच, एवढा पसारा अंगावर दिसतो, म्हणजे सगळं काम त्या पसाऱ्याचंच असेल. नाही हो! कीपर तोंडानं खेळते. आपल्या सगळ्या बचावपटू चेंडूकडे बघत असतात, माझ्याकडे त्यांची पाठ असते. सगळं मैदान समोर दिसतं ते मला एकटीला. म्हणून ओरडायचं मीच. लेफ्ट बघ, राइटला मोकळी आहे, सोडू नको, मागे ये. कीपर गप्प बसली की समजा गोल झालाच.

मला गोलात उभं केलं तेही गळ्यापायी. इंझोरीहून मी एसटीनं कारंज्याला शाळेत जायची. आमचे पी.टी.चे सर म्हणाले, "हे पोट्टी वर्गात बोलली तं ग्राउंडवर ऐकू येते. हिले गोलात टाका." झालं. तिथून क्रीडा वसतिगृह, मग ज्युनिअर संघ, मग अंगावर भारताची जर्सी. नेदरलँड्सची कडक थंडी पाहिली, जपानचा चिकट घाम पाहिला, अर्जेंटिनात मागच्या स्टँडमध्ये ढोल वाजत होते त्या ढोलावर आवाज चढवून ओरडली. संघात मला भोंपू म्हणत. मला त्याचा राग कधी आला नाही, उलट माज होता.

तो आवाज माझ्या गळ्यातून गेला, त्याची ही हकीकत. मला झालं तेव्हा मी मोबाईलवर लय शोधलं, आपल्या भाषेत कोणी सरळ सांगितलेलं सापडलं नाही. म्हणून मी लिहून राहिली आहे. शहाणपण शिकवायला नाही, ते माझ्यापाशी थोडंच आहे.

पट्टा

कीपरच्या गळ्याला एक जाड पट्टा असतो. चेंडू नरड्यावर बसू नये म्हणून. मागून चिकटपट्टीनं बंद करायचा. एका दौऱ्यात तो मला करकचू लागला. मी काय केलं? थोडा सैल केला. पुढच्या महिन्यात आणखी थोडा. मग सामान सांभाळणाऱ्या ताईंशी भांडली, "हा धुऊन आटला आहे, दुसरा द्या." त्यांनी बिचाऱ्यांनी नवा दिला. तोही आवळायला लागला, तर मी कंपनीला शिव्या दिल्या. पट्टा आटत नव्हता, माझा गळा वाढत होता, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

आवाजही घोगरा झाला होता. पण कीपरचा आवाज बसलेलाच असतो! मॅच झाली की दोन दिवस माझ्या घशात नुसती खरखर असायची. त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. संघात माझ्या पुढे अनिमा खेळायची, झारखंडची, आमची फुलबॅक. तिनंच एकदा जेवताना माझ्या गळ्याकडे बोट केलं. "दीदी, पानी पीते वक्त ये ऊपर-नीचे क्या होता है?"

मी आरशात पाहिलं. बोराएवढी गाठ, घोट घेतला की हलायची.

रिपोर्टचा दिवस

नागपूरला रिपोर्ट घ्यायला बाबा सोबत आले. बाबा कारंजा डेपोत कंडक्टर. ड्युटी उतरून तसेच खाकीत आले होते, खिशाला बिल्ला तसाच. डॉक्टर बाई चांगल्या होत्या, आवाज खाली ठेवून बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, थायरॉइडचा कॅन्सर आहे, बरा होणारा आहे, घाबरू नका, पण ऑपरेशन लवकर करू.

कॅन्सर म्हटल्यावर पुढचं काहीच ऐकू आलं नाही. त्यांच्या टेबलावर कॅलेंडर होतं, त्याच्यावर मी आमच्या दौऱ्याची तारीख शोधत होती. काय वेडेपणा!

मग त्यांनी सांगितलं की गाठीला लागून आवाजाची नस जाते, ती दुखावू शकते. "तुम्ही काय करता?"

"हॉकी. गोलकीपर आहे."

"मग ठीक आहे," त्या हसल्या. "गायिका किंवा शिक्षिका असता तर मला जास्त काळजी वाटली असती."

बाबाच बोलले. हात जोडून, जसे एखाद्या पॅसेंजरला समजावतात तसे. "डॉक्टर मॅडम, तसं नाई. हे बोंबलते. हिचं सारं काम बोंबलाचंच हाये."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवला आणि मग अर्धा तास आमच्याशी बोलल्या. हात लावीन तिथे जपून लावीन म्हणाल्या. त्यांनी एक सल्ला दिला होता, आधी आवाज रेकॉर्ड करून ठेवा. मी नाही केला. म्हटलं, मी काय मरून राहिली का? तुम्हाला सांगितलं तर करा. रुसून बसू नका माझ्यासारखं.

टिक टिक

शुद्धीवर आली तेव्हा आई पलंगाशी होती. मी "आई" म्हटलं. म्हटलं म्हणजे तोंड उघडलं. फुंकर निघाली नुसती. पुन्हा म्हटलं, पुन्हा फुंकर. आईनं माझ्या कपाळावर हात ठेवला. "नोको बोलू, माय. कळलं मले."

डॉक्टर बाईंनी खरं ते सांगितलं. नस वाचवली आहे पण ती दुखावली आहे. डावी बाजू हलत नाही. सहा महिन्यांत येईल, वर्षात येईल, थोडी येईल, कदाचित येणारही नाही. मला त्यांचा राग आला नाही, खोटं बोलल्या असत्या तर आला असता.

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. सकाळी सहाला गोळी, मग बीपी, मग झाडूवाल्या मावशी, मग डॉक्टरांचा राउंड, मग पातळ खिचडी. पाणी पिताना हनुवटी छातीला टेकवायची, नाहीतर ठसका लागून जीव जायची वेळ यायची. पाणी प्यायला शिकावं लागलं हो मला, अठ्ठावीस वर्षांच्या घोड्याला!

हाक मारता येत नव्हती म्हणून बाबांनी त्यांचा जुना तिकीट पंच आणून दिला. आता मशीन आलं, पण पूर्वीचे कंडक्टर हातातला तो पंच टिकटिक करत गर्दीतून वाट काढायचे. बाबांनी तो जपून ठेवला होता. म्हणाले, "गाडीतल्या घंटीवानी वाजव. एक म्हंजे थांबा, दोन म्हंजे चला." मी दोन टिक केलं की आई धावत यायची, एक टिक केलं की भेटायला आलेल्या नातेवाइकांना ती बाहेर काढायची. शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणायच्या, "एसटी स्टँडात झोपल्यावानी वाटते बाप्पा." पण एकदा त्यांना कसंतरी होऊन राहिलं होतं, तेव्हा मीच वाजवून वाजवून सिस्टरला बोलावलं. त्या दिवसापासून रोज आजींच्या डब्यातलं वरण माझ्या खिचडीवर यायचं.

बंद खोली

पुढच्या उपचारात तीन दिवस एकटीला कोंडतात. औषध पोटात गेलं की अंगातून किरणं निघतात, म्हणून तुमच्याजवळ कोणी यायचं नाही. जेवण दाराशी ठेवतात, सिस्टर दुरून बोलते. त्रास काही होत नाही म्हणाल तर होत नाही, लिंबाची गोळी चघळत पडायचं. पण मी आयुष्यभर संघात राहिलेली बाई. वसतिगृहात दहा जणींची खोली, दौऱ्यावर दोघींची. एकटी झोपली नव्हती कधी.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून खाली पाहिलं तर बाबा बाकड्यावर बसून डबा खात होते. रणरणतं ऊन, आणि दुपट्टा डोक्याला बांधायचा सोडून मांडीवर. मला एवढंच म्हणायचं होतं, "बाबा, दुपट्टा बांधा." तिसऱ्या मजल्यावरून ही काय मोठी गोष्ट? अर्जेंटिनातल्या ढोलावर चढणारा आवाज होता माझा. मी तोंड उघडलं आणि फुंकर काचेवर बसली. त्या दिवशी मी रडली. कॅन्सर म्हटला तेव्हा रडली नव्हती.

मग चमचा घेऊन खिडकीच्या गजावर दोनदा वाजवला. बाबांनी वर पाहिलं. मी डोक्यावर हात फिरवून दाखवला. त्यांनी लगेच दुपट्टा बांधला आणि डब्यातली पोळी वर करून दाखवली, खाल्ली म्हणून.

टीव्हीवरची मॅच

घरी आली. गाव भेटायला आलं, जयभीम करून बसलं, माझ्या गळ्यावरच्या टाक्यांकडे बघून चहा पिऊन गेलं. चार लोकांत मी बोलायला गेली की सगळे एकदम शांत होऊन पुढे वाकायचे, कान लावायचे. मला ते सहन होत नसे. मग मी बोलणंच सोडलं.

महामारीच्या काळात आम्ही एक दौरा प्रेक्षकांविना खेळलो होतो. रिकाम्या स्टेडियममध्ये टीव्हीवर दोनच आवाज, चेंडूचा आणि माझा. तेव्हा आईनं फोन करून झापलं होतं, "सारं गाव पाहून राह्यलं अन् तू टीव्हीवर शिव्या देऊन राह्यली! जरा तोंड सांभाळ." त्या दौऱ्यातली एक मॅच बाबांच्या मोबाईलमध्ये होती.

एका दुपारी मी पाणी घ्यायला उठली तर मागच्या पडवीत माझा आवाज. "अनिमा, लेफ्ट! लेफ्ट! छोड़ना मत!" भरलेला, छातीतून आलेला. बाबा मोबाईल पोटावर ठेवून डोळे मिटून पडले होते. मॅच बघत नव्हतेच ते, नुसती ऐकत होते.

माझं डोकं फिरलं. मोबाईल हिसकावला आणि त्या फाटक्या फुंकरीत म्हटलं, "बंद करा! मी मेली काय?"

बाबा उठून बसले. "नाई बेबी. मले आठोन आली."

"मी समोर हाये ना!"

"तुह्यी नाई. याची," ते मोबाईलकडे बघून म्हणाले आणि मग त्यांनाच वाईट वाटलं. मी आत जाऊन दार लावून घेतलं. खरं सांगते, मलाही त्याचीच आठवण येत होती. सकाळी जाग आल्यावर एक क्षण वाटायचं, आज असेल. मग "आई" म्हणून बघायचं. नसायचा.

पावलं

नागपूरच्या एक ताई आवाजाचे व्यायाम घ्यायच्या. भिंत ढकलत आ म्हणा, श्वास पोटात ठेवा, रोज करा. पाचव्या महिन्यात फुंकरीच्या आत काहीतरी खरखरलं. आवाजच होता तो, फुटक्या भोंग्यासारखा, पण माझा. आई कणीक मळत होती, तशाच हातांनी तिनं माझे गाल धरले.

मग बाबांनी मनावर घेतलं. विहाराजवळ, आमच्या घरासमोरच, मोकळं मैदान आहे, तिथे रोज सकाळी ड्युटीच्या आधी आम्ही जायचो. मी दोन दगडांच्या गोलात उभी राहायची. बाबा माझ्याकडे तोंड करून एक एक पाऊल मागे सरकायचे. मी लेफ्ट म्हटलं की एक हात वर, राइट म्हटलं की दुसरा. ऐकू नाही आलं तर हात खाली. खऱ्या मैदानावर गोलासमोरचा तो अर्धगोल बाबांच्या वीस पावलांचा भरतो. तिथपर्यंत ऐकू गेलं की मी पुन्हा कीपर. हे गणित मी मनात पक्कं केलं होतं.

आठ पावलं. मग बारा. एका महिन्यात वीस! बाबांचा हात एकदाही चुकला नाही. दिवाळीच्या आत पस्तीस झाली. मी डॉक्टर बाईंची परवानगी घेतली, पॅड झटकले, संघाच्या शिबिराला कळवलं की मी येते. जाताना गळ्याचा पट्टा न करकचता पूर्वीसारखा नीट बसला. त्याचाही लय आनंद झाला.

शिबिर

पहिले तीन दिवस काय सांगू! ओल्या टर्फचा वास, सकाळी सहाची शिट्टी, किकरवर आदळलेल्या चेंडूचा तो ठक्क आवाज. इतकी भूक साठली होती मला त्याची. पाय चालत होते, हात चालत होते. अनिमानं मला उचलून घेतलं होतं, पॅडसकट.

चौथ्या दिवशी सरावाची मॅच. अनिमा अर्धगोलाच्या टोकाला, माझ्याकडे पाठ. उजवीकडून एक पोरगी मोकळी धावत आली. मी ओरडली, "राइट, अनिमा, राइट!" अनिमा डावीकडे गेली. गोल. थोड्या वेळानं पुन्हा तेच. पुन्हा गोल. मला तिचा राग आला, म्हटलं हिचं लक्ष कुठे आहे?

मध्यंतरात ती पाण्याची बाटली घेऊन आली. घामाघूम. लाडानंच म्हणाली, "दीदी, कुछ बोलो ना. आज इतनी चुप क्यों हो?"

"बोल तो रही थी," मी म्हटलं.

तिचा चेहरा जो उतरला तो मी विसरणार नाही. तिनं माझ्या हेल्मेटची पट्टी उगाच नीट केली.

यादीत माझं नाव नव्हतं. कोच सर म्हणाले, तुझी जागा तुझीच आहे, आवाज घेऊन ये. भल्या माणसाला दुसरं काय म्हणता येणार? माझ्या जागी वीस वर्षांची एक पोरगी आली. निघताना मी कुंपणाबाहेर उभी राहून तिचं ओरडणं ऐकलं. कसा गळा आहे तिचा! मला तिचा हेवा वाटला. अजूनही वाटतो, लपवून काय करू?

पाठ

घरी येऊन बॅग ठेवली आणि पहिला प्रश्न बाबांना. "तुमी खोटं काहून बोलले? पस्तीस पावलं म्हणे!"

"खोटं नाई बोललो बेबी." बाबा गोंधळून गेले. "तू लेफ्ट म्हणे तं तुहा हात तिकडे जाये. मान जाये. मले कळे तू काय म्हणून राह्यली."

"ऐकू येत होतं का?"

बाबा माझी बॅग उचलून कोपऱ्यात सरकवू लागले.

"सांगा ना! ऐकू येत होतं का?"

"मले वाटलं येते. कळलं म्हंजे ऐकूच आलं ना?"

चुलीपाशी आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "अवं, तू पाळण्यात व्हती तवापासून तुह्या बापाले तुह्यं कळते. त्याईच्यापाशी कायले मोजत बसली?"

तेव्हा उमगलं. मी ओरडताना नेहमी हात दाखवते. कीपरची सवयच आहे ती, मला पत्ताही नसतो. बाबा माझ्याकडे तोंड करून उभे होते. मैदानावर माझ्याकडे तोंड करून कोणीच उभं नसतं. दहा वर्षं भारताच्या गोलात उभी राहिली आणि एवढी साधी गोष्ट विसरली. दोष बाबांचा नाही, मूर्ख मी.

तुमच्यापैकी कोणाचा आवाज गेला असेल तर एवढं ऐका. आपल्या माणसांच्या तोंडासमोर तो मोजू नका. त्यांना सगळं कळतं, आणि आपण फसतो.

पाच दिवस मी मैदानात गेली नाही, बाबांशी बोललीही नाही. सहाव्या सकाळी चहा घेऊन दारात आली तर समोर मैदानात बाबा उभे, खाकी घालून, माझ्याकडे पाठ करून. किती वेळचे उभे होते कोण जाणे. आई म्हणाली, "जाय. त्याईची पहिली गाडी हाये."

मी दगडांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. पाठमोरं माणूस बरं असतं एका बाबतीत, त्याचं लेफ्ट तेच आपलं लेफ्ट. मी ओरडली. बाबा पाठमोरेच एक एक पाऊल पुढे सरकत गेले. सात पावलांवर हात वर आला. आठव्यावर नाही. पस्तीसवरून सात! पण ही सात खरी होती.

त्याला आता काही महिने झाले. कारंज्याच्या शाळेत मी पोरींना शिकवते, सकाळची गोळी घेते, दर काही महिन्यांनी नागपूरला तपासून येते. रिपोर्ट चांगले आहेत. मी बरी आहे, आणि हे लहान नाही, मला माहीत आहे. तरी टीव्हीवर मॅच लागली की मी आवाज बंद करून बघते. त्या गोलात उभं राहून अनिमाच्या पाठीवर एकदा ओरडावं, तिनं मागे न बघता बरोबर वळावं, एवढीच भूक आहे. ती जात नाही.

आज सकाळी चौदा पावलांवर बाबांचा हात वर आला. पंधराव्यावर मी लेफ्ट म्हटलं. हात नाही. राइट म्हटलं. हात नाही. बाबा तसेच उभे, मान ताठ, रस्त्यावरून त्यांना ड्युटीवर नेणारी गाडी डेपोकडे निघाली तरी हलले नाहीत. घरात मी नुसती कुरकुर केली तरी वळून बघणारा माणूस. मागे वळायचं नाही म्हणून दोन्ही मुठी आवळून उभा होता.

मी भिंत ढकलावी तसा पोटातून श्वास घेतला. लेफ्ट, राइट काही सुचलं नाही. ओरडली, "बाबा!"

दोन्ही हात वर आले.

त्यांनी वळून पाहिलं नाही. हात तसेच वर ठेवून त्यांनी अजून एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबले.